हातातला खेळ टीव्हीवर नेताना

संपादकांनी फोनवर विषय दिला, 'गेमिंग क्षेत्रातील माझी वाटचाल.' क्षेत्र हा शब्द मी गाणगापूरसाठी राखून ठेवतो. आणि वाटचाल म्हटली की माणूस कुठून तरी निघून कुठे तरी पोचलेला असावा लागतो. मी बहुतेक काळ बसून होतो. आधी रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या अरुंद गाळ्यात सोल्डरच्या धुरात, नंतर नाचण्याच्या रस्त्याला औषधांच्या दुकानावरच्या एका खोलीत. खुर्ची बदलली, एवढीच प्रगती.

तरी लिहितो आहे, कारण या धंद्यात एक प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की त्याचं उत्तर कुठे तरी नोंदवून मोकळं व्हावं असं वाटतं. प्रश्न असा : लोक फोनवर, हातातल्या हातात जे छोटे छोटे खेळ खेळतात, तेच घरच्या टीव्हीला डबा जोडून मोठ्या पडद्यावर दिले तर चालतील का?

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगायला हवं. खेळ दोन जातींचे. एक हातातला. तो उरलेल्या वेळात खेळतात. कुकरची शिट्टी व्हायची आहे, एसटी लागायची आहे, डॉक्टरांनी अजून आत बोलावलेलं नाही. हा खेळ कुठेही सोडता येतो आणि सोडल्याचं वाईट वाटत नाही. दुसरा टीव्हीवरचा. त्याला डबा लागतो, दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र लागतं, आणि सलग वेळ लागतो. पहिल्या जातीला माणसं अमाप, दुसऱ्या जातीतल्या माणसांचे खिसे खोल. त्यामुळे पहिल्याची माणसं उचलून दुसऱ्याच्या डब्यासमोर बसवावीत, ही कल्पना कंपन्यांना ठरावीक काळाने सुचत राहते. कागदावर ती बिनतोड दिसते. खेळ तोच, पडदा मोठा. पापड ताटाएवढा केला म्हणून त्याचं जेवण होत नाही, हे कागदावर दिसत नाही.

हे मला गाळ्यात बसल्या बसल्या कळलं होतं, पण तेव्हा ते ज्ञान आहे हे माहीत नव्हतं. त्या काळी करड्या रंगाचे, हातभर नव्हे पण वीतभर लांबीचे खेळ आले होते. वरून ठोकळे पडत, ते खाली नीट बसवायचे. मुंबईहून गणपतीला येणारे चाकरमानी पोरांसाठी आणत. दुरुस्तीला मात्र ते मोठ्या माणसांच्या पिशवीतून यायचे. एका बँकेतले अधिकारी रुमालात गुंडाळून घेऊन आले.

"मुलाचा आहे हो. घरी रडतोय."

मी उघडून पाहिला. डावीकडच्या बटणाखालचं रबर पार झिजलं होतं.

"मुलाचा अंगठा बराच मोठा दिसतो."

"हाडापेराने मोठा आहे."

"कितवीत?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "अजून घातला नाही शाळेत."

पुढे ते नेमाने येत राहिले. मी विचारायचो, "मुलगा काय म्हणतो?" ते म्हणायचे, "वरच्या पातळीला गेलाय." यापलीकडे आमच्यात कधी बोलणं झालं नाही. आजही मी त्यांना शहरातल्या मोजक्या सभ्य माणसांत धरतो.

खरं बोलणारा एकच भेटला, खेडच्या डेपोतला एक कंडक्टर. गाडी उभी असली की तो मागच्या सीटवर बसून ठोकळे लावायचा. मी म्हटलं, "घरी खेळत नाही का?"

"घरी? बायको इचारील, काय करताव? काय सांगू तिला, ठोकळे रचताव?"

त्याच सुमारास मी टीव्हीला जोडायचे डबे मे महिन्यात भाड्याने द्यायचो. पहिल्या दिवशी घरात आळी गोळा. दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या वेळेवरून भांडण. मग मालिकेच्या वेळेवरून. आठवडा संपायच्या आत डबा परत. परत येताना त्याच्यावर विणलेला रुमाल घातलेला असायचा. आमच्याकडे एखाद्या वस्तूवर विणलेला रुमाल आला की ती वापरातून उठली असं समजावं.

पुढे गाळा बंद पडला आणि मी पुण्याच्या एका कंपनीसाठी खेळ तपासू लागलो. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ते अधूनमधून बदलायचं. खेळ तपासणं म्हणजे खेळणं, असा समज आहे. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याला जेवण किती मिळतं, तेवढंच तपासणाऱ्याला खेळायला मिळतं. आम्ही मुद्दाम वाकडं वागायचो. खेळ ऐन रंगात असताना फोन बंद कर, मध्येच कॉल घे, बॅटरी मरू दे, आणि खेळ कुठे मोडतो ते लिहून कळव. खोलीत आम्ही मोजकीच माणसं. त्यांतली रश्मी जयगडची, तिचा नवरा बंदरावर कामाला. खेळ मोडण्यात तिचा हात असा बसला होता की तिचा मेल आला की पुण्याची मुलं आधी चहाला उठायची आणि मग तो उघडायची.

आमचा चाललेला खेळ एकच, 'टोपली'. वरून जाळं उघडतं, मासे पडतात. बांगडा या टोपलीत, बोंबील त्या टोपलीत, कुर्ली आली तर बोटाने बाहेर उडवायची. एवढंच. चित्रकाराने पहिल्यांदा बोंबलाला खवले काढले होते, ते आम्ही पुसायला लावले. आमचं कलेच्या प्रांतातलं योगदान तेवढं. पण खेळ चालला. किनारपट्टीवर तर फारच चालला.

आणि मग पुण्याहून नवे साहेब म्हणून निनाद आले. वयाने माझ्या मुलाएवढे. "सर म्हणू नका, नुसतं निनाद म्हणा," असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितल्यामुळे सगळे त्यांना निनादसर म्हणू लागले. टोपली टीव्हीवर न्यायची, असं त्यांनी जाहीर केलं. पडद्यावर एक चित्र आलं, त्यात एक हसरं कुटुंब सोफ्यावर दाटीने बसलेलं. चित्राला 'दिवाणखान्याची क्रांती' असं नाव होतं. टीव्हीवरची टोपली स्थिरावली की फोनवरची मिटवायची, म्हणजे माणसं आपोआप डब्याकडे येतील, अशी योजना. मी मागच्या खुर्चीत बसून होतो. या वयात माणूस क्रांतीला विरोध करत नाही, चहा कधी आहे ते विचारतो.

जाहिरातीसाठी एक फिल्म करायची ठरली. फोनवरची सगळ्यात नेमाने खेळणारी व्यक्ती शोधायची, तिच्या घरी डबा घेऊन जायचं, आणि ती टीव्हीवर खेळतानाचा आनंद टिपायचा. व्यक्ती सापडली. दापोलीकडच्या बुरोंडीतली. पुण्याहून कोणीतरी त्या नंबरवर फोन लावला, आणि तो घरातल्या म्हाताऱ्याने उचलला. बक्षीस म्हणून टीव्हीचा डबा घरपोच मिळणार, असं ऐकून त्याने आनंदाने बोलावणं केलं. फोन सुनेचा होता, हे त्याच्या बोलण्यातून कळलं.

आम्हाला खेळणाऱ्याचं तोंड दिसत नाही, पण सवयी दिसतात. याचा मला कायम थोडा संकोच वाटत आला आहे. बुरोंडीची ही खेळाडू दुपारी खेळायची, तुकड्या तुकड्याने. रश्मी ती माहिती बघत बसली होती. मग म्हणाली, "सर, ही आवाज कधीच लावत नाही. एकदाही नाही."

"मग?"

"मग घरात माहीत नाहीये कोणाला."

एवढ्यावरून एवढं, असं मला वाटलं. पण रश्मी स्वतः सासरी राहते. मी निनादना सांगितलं की बुरोंडीच्या खेळाडूचं नाव न घेतलेलं बरं. ते चकित झाले. "अहो, तिला अभिमान वाटेल!"

बुरोंडीला आम्ही जयगडची आणि दाभोळची अशा दोन फेरीबोटी करून गेलो. निनादना बोटीत गाडी चढते याचं फार कौतुक. त्यांचे फोटो काढून झाल्यावर रश्मीने पुन्हा विषय काढला.

"सर, घरात गेल्यावर ती खेळते हे बोलायचं नाही."

"पण रश्मी, ती किनाऱ्यावर एक नंबर आहे!"

"घरात एक नंबर सासरे असतात, सर."

निनाद हसले आणि "बघू" म्हणाले. पुण्याच्या माणसाचा 'बघू' कसा घ्यावा ते मला अजून उमगलेलं नाही. 

घर जांभ्याचं, समुद्राच्या अंगाला. पडवीत जाळी टाकलेली. म्हातारे धोंडूतात्या, एकेकाळचे तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. आता बोट मुलगा नेतो आणि तात्या किनाऱ्यावरून त्याच्या चुका काढतात. आक्का, त्यांची बायको, सुकी मासळी विकून घरभर दरारा ठेवून असलेली. नातवंडं शाळेत. सून प्राची आत होती.

"या, या. आमाला लॉटरी लागली ना वो?" तात्या म्हणाले.

निनादनी कॅमेऱ्याला खूण केली आणि छाती भरून सुरुवात केली. "लॉटरी नव्हे तात्या! तुमच्या घरात आमची सगळ्यात..."

प्राची चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. तिच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही. बँकेतल्या त्या अधिकाऱ्यांचा रुमाल मी भर बाजारात सोडला असता तर तो चेहरा दिसला असता.

"...सगळ्यात लकी चिठ्ठी!" रश्मी मध्येच जोरात म्हणाली. "किनाऱ्यावरच्या गावांची सोडत काढली, तात्या. तुमचा नंबर निघाला. बसा ना सर, चहा निवतोय."

निनाद बसले. प्राचीने चहा दिला. रश्मीला देताना तिने तिच्याकडे एकदा पाहिलं. रश्मी म्हणाली, "साखर कमी चालते मला." बस, तेवढंच.

"फोन हिचाच हाय," आक्का म्हणाली, "पन ही कसली लॉटरी लावतेय. हिला सवड कुठं? दिवस उगवल्यापासनं उभी. शेजारच्या बाया इचारतात मला, आक्का, तुझी सून बसते तरी कधी? मी सांगते, बसत नाय." आणि हे तिने अशा थाटात सांगितलं की घरातला एखादा दागिना काढून दाखवावा.

तेव्हा कुठे मला सगळं नीट कळलं. या घरात प्राचीची पत होती ती एकाच गोष्टीवर, ती कधी रिकामी बसत नाही. आणि आम्ही इतक्या लांबून दोन फेरीबोटी करून, कॅमेरा घेऊन, हे सांगायला आलो होतो की अख्ख्या किनाऱ्यावर तुमची सून सगळ्यात जास्त रिकामी बसते.

डबा जोडला. समुद्राचं संगीत वाजू लागलं. खरा समुद्र खिडकीबाहेर होता, त्यामुळे आवाज वाढवावा लागला. बटणांचं यंत्र, म्हणजे रिमोट, तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"घ्या."

"नाही, तुम्ही खेळायचं तात्या."

"असं कसं? तुमी पावणे. आधी तुमी."

मी ते निनादना दिलं. निनादनी आक्कांना दिलं. आक्कांनी ते निखाऱ्यासारखं कॅमेरावाल्याच्या मांडीवर टाकलं. दुसऱ्याला खेळवून बघण्याचा पहिला नियम असा की बघणाऱ्याने खेळाला हात लावायचा नाही. कोकणातल्या घरचा पहिला नियम असा की पाहुण्याच्या आधी यजमानाने हात लावायचा नाही. पानाच्या डब्यासारखा तो रिमोट सगळ्यांपुढून फिरला, आणि तोवर टीव्हीवर मासे जमिनीवर पडून वाया जात राहिले. फोनवर खेळताना हा प्रसंग येत नाही. आपला फोन कोणी पाहुण्यापुढे धरत नाही.

शेवटी तात्या खेळले. खेळले म्हणजे भांडले. शेजारपाजारची दोनचार माणसं दारात आली आणि सगळे मिळून ओरडू लागले.

"तात्या, हलवा हाय तो, हलवा! पापलेट कुठला!"

"मला शिकवतोस? तुझा बाप जन्माला यायच्या आधी मी हलवा बघितलाय."

"मग टाका की बरोबर!"

"टाकताव. हे बटन ऐकत नाय."

"बोटीवर पन असंच म्हणायचा," आक्का म्हणाली, "मासा ऐकत नाय."

कॅमेऱ्याला हे सगळं फार आवडत होतं. निनादचा चेहरा फुलला होता, त्यांना सोफ्यावरचं कुटुंब दिसू लागलं होतं. मग तात्यांनी रिमोट खाली ठेवला.

"नीट हाय. पन एक सांगू का वो? मासळी निवडायची, टोपलीत भरायची, हे आमच्याकडं दिवसभर चाललेलं असतं. आता टीव्हीवर पन तेच करू?"

दारातली माणसं हसली. निनाद हसले नाहीत. मीही नाही, कारण तात्यांनी अर्ध्या मिनिटात जे सांगितलं ते आमच्या बैठकांमध्ये कोणी बोललेलं नव्हतं. हातात होती तोवर टोपली खेळ होती. भिंतीवर चढली, चारचौघांसमोर आली, आणि तिचं काम झालं.

"आता वहिनींना खेळू दे," निनाद म्हणाले. कॅमेरा वळला.

"नको, मला नाय जमायचं."

"घे गं," आक्का म्हणाली, "एवढी माणसं लांबून आली, म्हणतायत तर घे."

प्राचीने रिमोट घेतला. उलटा धरला. रश्मीने सुलटा करून दिला. मी जवळच बसलो होतो. हिचा खेळ मी आकड्यांत पाहिलेला होता. बोंबील तिच्या हातून कधी सुटत नसे. आता तिने पापलेट कुर्लीसारखा बाहेर उडवला. बांगडा जमिनीवर. दारातून हशा.

मग जाळं मोठं उघडलं आणि तीन मासे एकदम सुटले. खेळातली ही सगळ्यात अवघड जागा. तिचा अंगठा हलला, तिने हलवला नाही, तो आपोआप हलला, आणि दोन मासे चटाचट आपापल्या टोपल्यांत जाऊन बसले. तिसऱ्यापाशी ती भानावर आली. तिने तो जमिनीवर पडू दिला.

"बघा," आक्का हसत म्हणाली, "हिला आपली चूलच बरी."

"तेच तर," प्राची म्हणाली, आणि रिमोट ठेवून कप गोळा करायला लागली. आत जाताना तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. एवढा वाईट खेळ इतक्या कौशल्याने खेळलेला मी दुसरा पाहिलेला नाही.

परतीच्या बोटीत निनाद कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी या वेळी फोटो काढले नाहीत.

"बटणांमध्येच घोळ आहे," ते म्हणाले. "एक नंबरची खेळाडू, आणि तिला जमू नये?"

"बटणं ठीक आहेत," मी म्हटलं. "टीव्हीसमोर बसलेलं माणूस सगळ्या घराला दिसतं. हातातला खेळ चालतो तो खेळणारा दिसत नाही म्हणून."

"हे आपल्या डेटात कुठे आहे?"

"डेटात नाही."

"मग मी वर काय सांगू?"

मी रश्मीकडे पाहिलं. ती मुद्दाम हरली, एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर निनादना पटलं असतं. पण मग त्यांनी तिची मुलाखत घ्यायचं ठरवलं असतं. उत्साही माणसाचा हाच धोका असतो, त्याला गोष्ट पटली की तो त्यावर फिल्म करतो. मी म्हटलं, "मी लेखी देतो." दिलं. बुरोंडीचं नाव न घालता, माणसाला स्वतःचा रिकामा वेळ इतरांच्या नजरेआड लागतो आणि टीव्ही ही घरातली सगळ्यात उघडी जागा आहे, असं लिहिलं. त्यावर उत्तर आलं की निरीक्षण रोचक आहे. आमच्या धंद्यात 'रोचक' हा शब्द फाईल बंद करताना वापरतात.

डबा बाजारात आला. पुण्याच्या एका हॉटेलात दिव्यांच्या झगमगाटात त्याचं अनावरण झालं. पडदा ओढायची दोरी अडकली तेवढा एक क्षण मला मनापासून आवडला. फिल्ममध्ये तात्या होते, दारातली माणसं होती, प्राची नव्हती. पहिल्या दिवशी घराघरांत आळी गोळा झाली असणार. पुढचं मी गाळ्यात बसून पाहिलेलंच होतं. आताच्या घरांत विणलेले रुमाल नसतात, म्हणून डबे नुसतेच टीव्हीमागे गेले.

न्यायाने बोलायचं तर हातातले काही खेळ टीव्हीवर चालतात. हाउजीसारखे, कोड्यांचे, गाण्याच्या भेंड्यांच्या वळणाचे. ज्यांना ओरडणारी माणसं लागतात ते. पण ते मुळात हातातले नव्हतेच, गर्दीचे होते आणि सोय म्हणून फोनवर येऊन बसले होते. ते टीव्हीवर गेले म्हणजे घरी परतले. जो खेळ एकट्याचा आहे, त्याला घर नसतं. त्याला कोपरा लागतो.

डबा पडला तरी योजनेचा दुसरा भाग मात्र वेळेवर झाला. फोनवरची टोपली मिटवायची तारीख ठरली, कारण ती आधीच ठरलेली होती. आमची खोलीही तेव्हाच बंद व्हायची होती. मला निवृत्तीचं वय उलटून गेलंच होतं. रश्मीला जयगडलाच बंदरावरच्या एका कचेरीत काम मिळालं होतं, तेव्हा आमच्यासाठी रडायचं कारण नव्हतं.

अडचण टोपलीची होती. खेळ फोनमध्ये असला तरी दर वेळी मासे कंपनीच्या यंत्रावरून यायचे. ते यंत्र बंद झालं की जाळं उघडायचं आणि रिकामं राहायचं. रश्मीने शेवटच्या दुरुस्तीची मागणी लिहिली. सगळे मासे फोनमध्येच ठेवायचे, म्हणजे नेट लागणार नाही आणि कंपनी असो वा नसो, खेळ चालत राहील. मी ती घेऊन निनादशी फोनवर बोललो.

"यातून आपल्याला काय मिळणार?"

"काही नाही."

"कोण किती खेळतंय तेही कळणार नाही."

"नाही कळणार."

 त्यांचा आवाज दमलेला होता. क्रांती झाल्यावर मागचं आवरायला बहुधा एकटे तेच उरले होते. मग म्हणाले, "करा. मला विचारलं नव्हतंत असं समजा." मी त्यांच्याबद्दल वर जे लिहिलं आहे त्यातलं काही मागे घेत नाही, पण हे त्यांच्या खाती जमा करतो.

दुरुस्ती तयार झाली. आता ती फोनोफोनी पोचायला हवी होती. खेळणाऱ्याने स्वतः बटण दाबल्याशिवाय ती उतरत नाही. एरवी आम्ही सूचना पाठवतो, ती फोनचा पडदा मिटलेला असला तरी टुणकन आवाज करून त्यावर झळकते, शेजारी बसलेल्यालाही वाचता येते. रश्मीने ती पाठवू दिली नाही. फोन करायचा प्रश्न नव्हता, कोण उचलेल सांगता येत नाही. तिने निरोप खेळाच्या आत ठेवला, उघडल्यावरच दिसेल असा. त्याचे शब्द मी तपासायला बसलो आणि काही बदललं नाही. 'हे बटण दाबा. मग नेट लागणार नाही. आवाजही होणार नाही.'

बाकीच्या फोनांवर दुरुस्ती उतरत गेली. बुरोंडीच्या नाही. मासेमारीचा हंगाम भरात होता, सुकवायची कामं असतील, सवड मिळत नसेल. तारीख जवळ येत चालली. रश्मी रोज दुपारी खुर्ची ओढून पडद्यावरच्या यादीतल्या बुरोंडीच्या त्या एका ओळीसमोर बसायची आणि उठायची. मी खोलीतलं सामान बांधत होतो. जुन्या तारांचं काय करायचं असतं हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे वेळ बरा जात होता.

शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी ती ओळ हलली. खेळ उघडला गेला. मग बराच वेळ काहीच नाही. आक्का आली असेल, किंवा कोणी दार वाजवलं असेल, किंवा ती निरोप वाचत असेल. रश्मी पडद्याला इतकी जवळ गेली होती की तिचा श्वास काचेवर उमटत होता.

बटण दाबलं गेलं. दुरुस्ती उतरली. आणि त्याबरोबर बुरोंडीची ओळ आमच्या पडद्यावरून नाहीशी झाली, कारण दुरुस्ती तशीच बनवलेली होती, उतरली की त्या फोनचा आमच्याशी संबंध तुटायचा.

रश्मी मागे टेकली.

"खेळत असेल का आता, सर?"

"माहीत नाही."

"पुण्यात कळेल?"

"नाही."

"म्हणजे कुणालाच कळणार नाही?"

"कुणालाच नाही."

"मग खेळत असेल," ती म्हणाली, आणि तिने पडदा बंद केला.